मदत हवी आहे: शुक्रवार पेठेतलं जुनं घर आतून पूर्ण नवं करायचंय, खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं पणजोबांच्या वेळचं दुमजली कौलारू घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब-तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत), भिंती खाली दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या. दोन्ही मजले मिळून अंदाजे १४०० चौरस फूट. आण्णांना उरलेले दिवस याच घरात काढायचेत, म्हणून विकायचा विषयच नाही.

तीन जणांनी घर बघून आकडे दिले, पण एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. पहिला म्हणतो, सांगाडा ठेवून आतलं सगळं नवीन, चौरस फुटाला १७०० रुपये, म्हणजे २४ लाखांच्या घरात. दुसरा म्हणतो, पाडून आरसीसी करा, २१०० च्या दराने साडेएकोणतीस लाख होतील, आणि पाडायचा खर्च जुन्या लाकडात वळता करून घेतो. तिसरे वयस्कर सुतारमामा. ते खांबाखांबाशी बसले, वाळवी बघितली आणि फक्त लाकूडकाम, कौलं आणि भिंतींचे १२ लाख म्हणाले. वायरिंग, नळ, फरशी वेगळी.

दुसऱ्याच्या, लाकूड वळतं करून घ्यायच्या त्या बोलण्यानं मला झोप नाही. आमचा एक खांब सहा इंची चौकोनी, आठ फूट उंच, म्हणजे २ घनफूट. असे चौदा आहेत. वखारीत नव्या सागवानाला घनफुटाला साडेतीन हजार सांगितले, त्या हिशोबानं नुसत्या खांबांचेच ९८ हजार झाले. जुन्याला तेवढा दर येणार नाही हे कळतं, पण तुळया आणि कड्या अजून धरल्याच नाहीत. असं लाकूड पाडण्याच्या मजुरीत घालवायचं?

खांब सगळे धड आहेत असंही नाही. न्हाणीजवळच्या खांबाला सुतारमामांनी पेचकस लावला तर तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) वर वीतभर तो लोण्यात जावा तसा आत गेला. त्याच्या वरच्या भागावर हात ठोकला तर मात्र आवाज भरीव. कुजका भाग कापून खालून नवा तुकडा जोडता येतो, असं ते म्हणतात. कुणी असं जोडकाम करून घेतलंय का? किती वर्षं टिकलं?

भिंतींचं दुखणं पुराचं आहे. २००५ च्या पुरानंतर आम्ही सिमेंटचा गिलावा केला, ती चूक झाली. मातीची भिंत ओल पिते आणि बाहेर सोडते, सिमेंटनं तिचा श्वासच कोंडला. २०१९ च्या पुरात सोप्यात (पुढच्या ओसरीत) छातीएवढं पाणी होतं, तेव्हापासून गिलावा पापुद्र्यासारखा सुटतोय आणि मागची माती हाताला पिठासारखी लागते. आता चुन्याचाच गिलावा करायचा ठरवलंय. पण चुना भिजवून मुरवून काम करणारा गवंडी शहरात मिळेल का, आणि मजुरी किती जास्त पडते?

अंदाजपत्रकात न दिसणारे खर्चही सांगा. आमच्या बोळात ट्रॅक्टर येत नाही, राडारोडा पाट्यांनी हमरस्त्यावर न्यावा लागेल. वरच्या मजल्याच्या कडीपाटावर अर्धा फूट मातीचा थर आहे, म्हणजे चौरस फुटाला २५ किलोच्या आसपास ओझं. ती उपसायची की नाही? खांब बदलताना टेकू लावायचे त्याचे पैसे वेगळे घेतात का? आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून मगच ठेकेदाराशी बोलावं, असं माझं मत झालंय. फी साधारण किती, हे कुणी सांगितलं तर बरं होईल.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोका पातळी, ती ओलांडली की आमची धाकधूक सुरू होते. त्यामुळे विजेचे बोर्ड आणि पॉइंट वर घेणारच आहोत. प्रॉपर्टी कार्ड अजून आजोबांच्या नावावर आहे, वारसनोंद चालू आहे, म्हणून कर्जाचं पुढे ढकललंय. हाताशी १५ लाख आहेत.

मिरगाच्या आत कौलं परत चढली पाहिजेत. पेठेत, गंगावेशीत किंवा मंगळवार पेठेत ज्यांनी असं काम केलंय, त्यांनी काय ठरलं होतं आणि शेवटी किती गेलं, एवढं तरी कळवा. घर दाखवायला तयार असाल तर आण्णांना घेऊन येईन.