वजनासोबत व्यासही मोजा
नाणं काट्यावर हलकं भरलं म्हणजे टांकसाळीतच चकती (ठोकण्याआधीचा धातूचा कोरा गोल तुकडा) पातळ आली असणार, म्हणजे एररच (टांकसाळीच्या चुकीने वेगळं निघालेलं नाणं), असं काही जण म्हणतात. वजन करायलाच हवं, पण नुसत्या वजनावर जाऊ नका. नाणं ठोकताना चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला बाहेरून घट्ट धरणाऱ्या कड्यात असते. पातळ चकतीही दाबाने पसरून त्या कड्याला टेकते, त्यामुळे जाडी कमी असली तरी व्यास सहसा पूर्ण भरतो. एरर म्हणून विकायला साधं नाणं ॲसिडमध्ये टाकून हलकं केलं असेल, तर ॲसिड मात्र सगळ्या बाजूंनी धातू खातं, कडेनेही, म्हणून व्यासही घटतो.

माझ्याकडे ५ रुपयांचं जुनं कॉपर-निकेलचं नाणं आहे, 'पातळ चकती' म्हणून चांगले पैसे मोजून घेतलेलं. मूळ वजन ९ ग्रॅम, हे ८.१ भरलं. व्हर्निअर लावला तर व्यास २३ ऐवजी २२.८ मिमी, तीन ठिकाणी तेच. मग भिंगातून पाहिलं: अक्षरं बारीक झालेली, पृष्ठभाग रवाळ, कडेच्या खाचेतली नक्षी जवळजवळ गेलेली, म्हणजे ॲसिडचंच काम. (वापरून झिजलेलं नाणंही किंचित लहान होतं, पण ते हाताला गुळगुळीत लागतं.) फार वाईट वाटलं, विकणाऱ्याने अगदी खात्रीने सांगितलं होतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी कडेचा जवळून काढलेला फोटो मागवतोच.