मदत हवी आहे: निफ्टीतला डबल टॉप नेकलाइन तोडून परत वर का येतो?

चार्टवाचक
निफ्टी ५० चा १५ मिनिटांचा चार्ट, फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या करारात) विक्री. डबल टॉपचे (भाव दोनदा जवळपास एकाच उंचीवर जाऊन परततो तो पॅटर्न) नमुन्यादाखल आकडे: दोन्ही शिखरं २४,८०० च्या आसपास, मधला तळ (नेकलाइन) २४,६५०. उंची १५० पॉइंट, म्हणून टार्गेट २४,५००. कँडल (चार्टवरची १५ मिनिटांच्या भावाची पट्टी) २४,६४० ला बंद झाली की विक्री, स्टॉपलॉस (तोटा थांबवणारी ऑर्डर) २४,८१५. पण भाव बऱ्याचदा २४,७०० कडे उलटतो. चूक कुठे होतेय? व्हॉल्यूम (किती खरेदी-विक्री झाली तो आकडा) कुठला बघायचा? आणि दिवसाचा बंद भाव ३:३० च्या भावाशी जुळत नाही, तो का?

तेजीमंदी
पॅटर्न राहू द्या, आधी गणित बघा. जोखीम १७५, मिळकत १४०. दहापैकी सहा सौदे बरोबर आले तरी ८४० वजा ७००, हाती १४० पॉइंट. त्यातूनच एसटीटी (सौद्यावरचा कर), ब्रोकरेज आणि स्लिपेज (ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) जाणार.

नेकलाइन तुटल्या तुटल्या विकू नका. त्या पातळीखाली अनेकांचे स्टॉपलॉस असतात, ते उडाले की विक्रीचा जोर ओसरतो आणि भाव उलटतो. ही परतफेरी होऊ द्या. समजा भाव २४,६८० पर्यंत चढला आणि पुन्हा नेकलाइनखाली कँडल बंद झाली, तर २४,६३५ ला विक्री, स्टॉप २४,६९०. जोखीम ५५, मिळकत १३५. भाव परत न येता सरळ कोसळला तर सौदा हुकतो. हुकू द्या, मागे धावू नका.

लॉट (फ्युचर्सच्या सौद्याचा किमान संच) ६५ चा धरला तर जोखीम ३,५७५ रुपये. तुमच्या पद्धतीत ती ११,३७५ होते. पाच लाखांच्या भांडवलावर एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, ही मर्यादा असेल तर तिथे एक लॉटही बसत नाही.

आडवीरेघ
निर्देशांकाची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे स्पॉट (प्रत्यक्ष निर्देशांकाच्या) चार्टखालच्या व्हॉल्यूमवर विसंबू नका. चालू महिन्याच्या फ्युचर्सचं बघा. एक्स्पायरीच्या (करार संपण्याच्या) आठवड्यात रोलओव्हरमुळे सौदे पुढच्या महिन्यात सरकतात, तेव्हा दोन्हींची बेरीज करा. नाहीतर व्हॉल्यूम आटल्यासारखं दिसेल.

बंद भावाचं कारण साधं आहे. एनएसईवर शेअरचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून (मोठ्या सौद्याला जास्त वजन) ठरतो, आणि निर्देशांकाचा बंद आकडा त्या भावांवरून. ३:२० नंतर जोराची घसरण झाली, तर १५ मिनिटांची कँडल नेकलाइनखाली आणि दिवसाची कँडल तिच्या वर, असंही होतं. ज्या चार्टवर पॅटर्न काढलाय त्याच चार्टचा बंद भाव धरा. ९:१५ ची पहिली कँडल मात्र सोडाच, गॅपमुळे (आदल्या बंद भावापासूनच्या उडीमुळे) ती फसवते.

तेजीमंदी
एक राहिलं. डबल टॉपच्या आधी तेजी हवी, निदान पॅटर्नच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे इथे ३०० पॉइंट. आडव्या बाजारातली दोन शिखरं म्हणजे नुसती रेंजची वरची कड. तिथे तळाशी खरेदीदार बसलेलेच असतात.

चार्टवाचक
पातळ्या स्पॉटवर काढून ऑर्डर फ्युचर्समध्ये टाकली तर चालेल?

आडवीरेघ
चालेल, फक्त स्पॉटचा आकडा तसाच टाकू नका. फ्युचर्स ६० पॉइंट प्रीमियमवर (स्पॉटपेक्षा वर) असेल तर विक्री २४,६९५ ला होईल. तिथे २४,६९० चा स्टॉप विक्रीच्याही खाली पडतो. अंतर मोजा: २४,६९५ अधिक ५५, म्हणजे स्टॉप २४,७५०.