मदत हवी आहे: वाइसला डायल लावताना परतीच्या फेरीत काटा शून्यावर येत नाही

मंडळी, नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. जुनं एम१टीआर मिलिंग मशीन, एक लेथ, एक पिलर ड्रिल. इतकी वर्षं मिलिंग आबांनीच चालवलं, गेल्या दिवाळीपासून मी बघतोय. आबा गुण्या लावून वाइस (टेबलावर नग पकडायचा शिकंजा) बसवायचे आणि तेवढं पुरायचं, कारण कामं बहुतेक फाउंड्रीच्या ब्रॅकेटांचे पाय सपाट करायची.

आता ईएन ८ पोलादाच्या गाइड ब्लॉकचं काम आलंय. १२० मिमी लांबी, मधोमध १६ मिमीचा स्लॉट, आणि तो बाजूच्या फेसला ०.०२ मिमीच्या आत समांतर पाहिजे. मी पण गुण्यावरच वाइस लावला आणि पहिले चार नग परत आले. स्लॉट ०.०५ ने तिरका. घरी मापून बघितलं, पार्टीचं बरोबर होतं. फार लागलं मनाला.

म्हणून ०.०१ ची पपी डायल आणली (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, एक डिव्हिजन म्हणजे ०.०१ मिमी). मॅग्नेटिक स्टँड मशीनच्या हेडला चिकटवला, टोक वाइसच्या फिक्स जॉवर (न हलणाऱ्या जबड्यावर) टेकवलं. डावीकडे शून्य केलं, टेबलाचं हँडल फिरवत १४० मिमी उजवीकडे गेलो, काटा अर्धी डिव्हिजनसुद्धा हलला नाही. पण तसाच परत डावीकडे आलो तर काटा साडेतीन डिव्हिजनवर! सहा वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच. नेमकी कुठली फेरी खरी धरायची? शिवाय बोल्ट आवळले की वाइस आणखी एखादी डिव्हिजन सरकतो, ते वेगळंच.

टेबल पुसलं, वाइसच्या तळावरून ऑइल स्टोन फिरवला, डायलचे सगळे स्क्रू आवळले. कुणी यातून गेलं असेल तर सांगा. शुक्रवारी नग द्यायचेत.

प्रतिसाद १

क्रॉसचं (टेबल पुढे-मागे नेणाऱ्या चालीचं) लॉक लावलं होतं का? बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता

नाही लावलं. क्रॉस हलवतच नव्हतो, म्हणून लक्षातच आलं नाही.

प्रतिसाद २

भाऊ, वरच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. क्रॉस मोकळा असला की तुम्ही हँडलची दिशा बदलताच सॅडल (टेबलाखालचा पुढे-मागे सरकणारा भाग) आपल्या स्क्रूच्या ढिलाईत किंचित मागे-पुढे होतं. तुम्हाला वाटतं जॉ तिरका आहे, आणि हलतंय सॅडल. क्रॉस आणि नी (टेबल वर-खाली करणारा भाग) दोन्ही लॉक करून मगच डायल फिरवा. स्लॉट मारतानाही क्रॉस लॉकच पाहिजे, नाहीतर डायलवर कमावलेलं कटरखाली जाईल.

मग स्टँड तपासा. हेडवर रंगाचा थर असेल तर मॅग्नेट नीट धरत नाही. टोक जॉवर असताना डायलला बोटानं हलकं ढकला आणि सोडा. काटा त्याच आकड्यावर परत आला पाहिजे. नाही आला तर स्टँडचे हात आखूड करा. डायलची काडी जॉच्या फेसला जमेल तितकी समांतर ठेवा. ती तिरकी उभी असली की डायल खऱ्यापेक्षा जास्त फरक दाखवते.

एवढ्यावर नाही भागलं, तर हीच डायल टेबलाच्या टी-स्लॉटच्या (बोल्ट अडकवायच्या लांब खाचेच्या) कडेला लावा. तिथंही जाताना-येताना फरक दिसला तर वाइसचा काही दोष नाही, टेबलाची जिब ढिली आहे. जिब म्हणजे डव्हटेलमधली (टेबल ज्यात सरकतं त्या तिरक्या खाचेतली) पाचर. दिशा बदलली की टेबल स्वतःच थोडं वळतं. टी-स्लॉटवर काटा गप्प असेल तर जॉची प्लेट खोला. दोन ॲलन बोल्ट असतात. प्लेटच्या मागे केसाएवढी चिप अडकली तरी तुमचे ०.०२ गेले.

प्रतिसाद ३

बोल्टबद्दल. दोन्ही एकदम मोकळे ठेवून ठोकत बसू नका. डावा बेताचा आवळा, उजवा नुसता टेकवा. डाव्या बोल्टच्या बाजूला शून्य करा आणि उजवीकडे जा. फिक्स जॉ कॉलमच्या (मशीनच्या उभ्या खांबाच्या) बाजूला असेल आणि काटा वाढला, तर ते टोक तुमच्याकडे आलंय. त्याला नायलॉनच्या हातोडीनं कॉलमकडे टिचकी मारा, दणका नको. परत डावीकडे येऊन शून्य बघा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. मग आलटून पालटून थोडं थोडं आवळा आणि शेवटच्या आवळणीनंतर डायल पुन्हा फिरवा. वॉशर जाड घ्या. पातळ, वाकलेला वॉशर नटाबरोबर फिरतो आणि वाइसलाही ओढतो.

वाइसखाली फिरता बेस असेल आणि कोनाचं काम नसेल तर तो काढून ठेवा. त्याच्या अंशांच्या खुणांवर भरवसा नको. एका अंशाला १५० मिमीच्या जॉवर २.६ मिमी फरक पडतो, खुणेची रेघच केवढी जाड असते!

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो.

क्रॉस लॉक केल्यावर साडेतीनाची दीड डिव्हिजन झाली. टी-स्लॉटवरही तीच दीड आली, म्हणजे जिबच. आबांना बोलावलं. त्यांनी टेबलाचं टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवलं आणि मला काट्याकडे बघायला सांगितलं. काटा नाचत होता. त्यांनी जिबचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत हँडल फिरवून बघितलं, जड होतंय वाटताच किंचित मागे घेतलं. आता दोन्ही फेऱ्यांत फरक अर्ध्या डिव्हिजनच्या आत आहे.

फिरता बेस काढला, जॉची प्लेट खोलून पुसली. आज सकाळी एक नग काढला, स्लॉट १२० मिमीत ०.०१ आला.

एकच राहिलंय. जाड वॉशर घालूनही उजवा बोल्ट शेवटचा आवळताना वाइस एक डिव्हिजन सरकतोच, डावा नाही सरकवत. उजवीकडचा टी-नट स्लॉटमध्ये तिरका बसतोय की नटाची बैठक झिजली आहे, हे न खोलता ओळखायची काही युक्ती आहे का?