समुद्र आत आला त्याची गोष्ट: तोंडी परंपरेला पुरावा मानायचं का?

रानवाट

मेलबर्न ज्या पोर्ट फिलिप उपसागराच्या काठाने वसलंय, त्याबद्दल तिथल्या बूनवुरुंग आदिवासींमध्ये एक गोष्ट आहे. इथे पूर्वी पाणी नव्हतंच, सपाट माळ होता, लोक कांगारूंची शिकार करायचे. मग समुद्र आत शिरला तो कायमचा. १९व्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती टिपून ठेवली आणि दंतकथा म्हणून बाजूला सारली. २०१६ साली भूगोलतज्ज्ञ पॅट्रिक नन आणि भाषातज्ज्ञ निकोलस रीड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या अशा कथा एकत्र केल्या. कथेतली जमीन कोरडी असायला समुद्र किती खाली हवा, तो तिथे कधी होता, असा हिशेब मांडला आणि म्हणाले, या आठवणी किमान ७ हजार वर्षांच्या आहेत.

मला त्याहून पटतं ते ईचम तळ्याचं उदाहरण. क्वीन्सलंडमधल्या ॲथर्टन पठारावर ईचम, बॅरीन, यूरामू ही ज्वालामुखीच्या विवरांत साठलेली तळी आहेत. १९६०च्या दशकात भाषातज्ज्ञ डिक्सन यांनी तिथल्या आदिवासींकडून या तळ्यांच्या जन्माची गोष्ट ऐकली. नुकतीच दीक्षा झालेल्या दोन पोरांनी निषिद्ध मानलेलं काहीतरी केलं, त्यांच्या पुराणकथांतला इंद्रधनुष्यी सर्प कोपला. मुक्कामाखालची जमीन गडगडायला लागली, वादळ सुटल्यासारखा वारा आला, कधी न पाहिलेल्या रंगाचा लाल ढग आभाळात चढला, माणसं सैरावैरा पळाली आणि भेगेत गडप झाली. सांगणारा जाता जाता म्हणाला, तेव्हा इथे हे जंगल नव्हतं, उघडं रान होतं. आज तिथे घनदाट वर्षावन आहे. पुढे तळ्याच्या गाळातले परागकण तपासले तेव्हा कळलं की ते वर्षावनच जेमतेम साडेसात हजार वर्षांचं आहे. सर्प सोडा, पण उघड्या रानाचा तो तपशील कुणाला कशाला सुचेल?

माझं मत सरळ आहे. ज्या समाजात गोष्ट नीट सांगितली जाते की नाही हे तपासायची जबाबदारी ठरावीक नातेवाइकांवर असते (बापाने मुलाला शिकवायचं, मुलाला ते नीट येतं का हे त्याच्या बहिणीच्या मुलांनी पारखायचं), तिथल्या तोंडी परंपरेला कागदाच्या बरोबरीचा पुरावा मानलं पाहिजे. बोला.

खडूस

बोलतो. पहिलं उदाहरणच लंगडं आहे. पोर्ट फिलिपच्या तळाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झालाय. उपसागराचं तोंड वाळूने बुजून आतलं पाणी आटलं होतं आणि साधारण २८०० ते १००० वर्षांपूर्वीच्या काळात तिथे पुन्हा कोरडी जमीन होती, असं त्यात म्हटलंय. म्हणजे शिकारीची आठवण खरी असली तरी ती हजार वर्षांची असू शकते. सात-दहा हजार कुठून आणले?

दुसरं, २१ कथा जुळल्या हे सांगता. न जुळलेल्या किती ते कोण सांगणार? समुद्रकाठी राहणाऱ्या कुठल्याही लोकांकडे 'पाणी आत आलं'ची गोष्ट असतेच. डेव्हिड हेनिगे या इतिहासकाराने अशा अतिप्राचीन मौखिक दाव्यांबद्दल हाच आक्षेप घेतला होता: ते खोटे ठरवता येत नाहीत, म्हणून ते खरे होत नाहीत. उद्या परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण काढलं, हेही भूगर्भशास्त्रात घालायचं का?

तात्या_पुणेकर

रुमाल टाकून ठेवतो. जाता जाता एवढंच, आपल्याकडे पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ करून वेद जसेच्या तसे हजारो वर्षं राखले. मग आपल्याला ऑस्ट्रेलियात जायची गरजच काय?

रानवाट

तात्या, धागा वेदांकडे वळणार हे माहीतच होतं, अर्ध्या तासात वळला! वेदपाठात राखला जातो तो उच्चार. तो कुठे म्हटला याने फरक पडत नाही, काशीत म्हणा नाहीतर न्यू जर्सीत. इथे गोष्ट जागेला बांधलेली आहे. ही टेकडी, हा पाणवठा, इथून पुढचा. जागा डोळ्यांसमोर असेपर्यंत चूक पकडली जाते.

खडूस, पोर्ट फिलिपचा मुद्दा मान्य नाही असं नाही, पण एका ठिकाणचा आक्षेप बाकीच्या वीस ठिकाणांना लागू होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या रॉटनेस्ट बेटाचं बघा. पूर्वी ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं अशी आठवण तिथल्या लोकांकडून गोऱ्यांनी १९व्या शतकातच नोंदवली. तिथे वाळूचा बांध वगैरे काही नाही. आणि परशुरामकथेत कुठला किनारा, काय बुडालं, आधी तिथे काय होतं, यातलं तपासण्यासारखं काय आहे? ईचमच्या कथेत आहे, म्हणूनच ती तपासता आली.

यारा_काठचा

मेलबर्नमध्ये राहतो म्हणून दोन पैसे. इथे ऑफिसची मीटिंग असो की शाळेचं गॅदरिंग, सुरुवातीला 'या भूमीच्या मूळ राखणदारांना आम्ही वंदन करतो' हे म्हटलं जातं. निम्मे लोक ते लिफ्टमधल्या सूचनेसारखं वाचतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात याच देशाने संसदेला सल्ला देणारं आदिवासींचं मंडळ राज्यघटनेत आणायला सुमारे ६० टक्के मतांनी नकार दिला. असो.

पण बुज बिमला जाऊन या, मग बोला. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला गुंडिच्मारा आदिवासींचा मुलूख. लाव्ह्याच्या काळ्या दगडांतून त्यांनी पाट काढलेत, बांध घातलेत; पावसाळ्यात पाणी चढलं की कूयांग, म्हणजे ईल मासे, त्या पाटातून येतात. अरुंद तोंडाशी गवताची विणलेली लांबट टोपली लावायची, मासा आत. छोटे मासे पुढच्या डबक्यात सोडून वाढवायचे. यातले काही पाट ६६०० वर्षांपूर्वीचे ठरलेत आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. दाखवायला गुंडिच्मारा माणूसच असतो. पाण्याची चढउतार दाखवताना तो मासा कुठून वळणार ते हात फिरवून सांगतो, पुस्तकी माहिती वाटत नाही.

गुंडिच्मारांच्या गोष्टीत येणारा ज्वालामुखीही तिथेच आहे, त्याच्या उद्रेकाचं वय २०२० मध्ये साधारण ३७ हजार वर्षं निघालं. लगेच पेपरांत मथळे, 'जगातली सर्वांत जुनी गोष्ट'! हे मलाही जरा अतीच वाटतं. माणसं रोज ज्या पाटात हात घालतात त्याचं ज्ञान टिकणं आणि एका स्फोटाची आठवण ३७ हजार वर्षं टिकणं, या एकाच पंक्तीत बसवायच्या गोष्टी नाहीत.

वकीलबाई

तुम्ही सगळे वयावर भांडताय. कोर्टात भांडण वयाचं नसतंच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाच्या १९९२च्या माबो निकालाने 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हे गृहीतक मोडलं, १९९३ मध्ये आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा आला. पण हक्क मिळवायचा तर गोरे आले तेव्हापासून आजपर्यंत परंपरा अखंड चालू आहे हे सिद्ध करायचं. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांनी दावा केला. १९९८ मध्ये न्या. ओल्नी यांनी निकाल दिला, की इतिहासाच्या लाटेत तुमची परंपरा वाहून गेली. आणि जुने रिवाज काय होते याचा सर्वांत विश्वसनीय आधार कोणता मानला? तर एडवर्ड कर नावाच्या मेंढपाळ जमीनदाराचं १८८३ सालचं आठवणींचं पुस्तक! ज्यांच्या मुलखात तो मेंढरं घेऊन घुसला, त्यांच्या वंशजांची जबानी दुय्यम. वरच्या कोर्टानेही २००२ मध्ये निकाल कायम ठेवला.

याउलट ग्रेट सँडी वाळवंटातले न्गुरारा लोक. त्यांचं म्हणणं इंग्रजी सुनावणीत पोचेना, तेव्हा १९९७ मध्ये त्यांनी ८ बाय १० मीटरचं एक चित्रच रंगवलं, आपल्या मुलखाचं, पाणवठ्यांसकट. न्यायाधिकरणाचे लोक आले तेव्हा ते कापड जमिनीवर पसरलं. ज्याचा जो पाणवठा, तो त्या भागावर जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत साक्ष दिली. दुसऱ्याच्या भागावर उभं राहून कुणी बोललं नाही. २००७ मध्ये हक्क मान्य झाला.

आणि हे फार लांबचं समजू नका. आपल्या २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांच्या यादीत 'दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन' आहे. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली शीव गडचिरोलीत चालते. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली.

खडूस

वकीलबाई, तुमच्या मुद्द्याशी माझं भांडणच नाही. आजोबांनी दाखवलेली शीव नातवाने सांगणं ही दीडशे वर्षांची साक्ष झाली, ती घ्यावीच. पण धाग्यात दोन वेगळी प्रकरणं एकाच पिशवीत कोंबली आहेत: सात हजार वर्षांची आठवण, आणि जमिनीवरचा आजचा हक्क. पहिलं मोडलं की दुसरंही मोडेल, अशी भानगड तुम्हीच करून ठेवताय.

शिवाय उलटतपासणीचं काय? दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हिंडमार्श बेटाच्या पुलाला न्गारिंजेरी बायकांनी विरोध केला तो 'हे फक्त बायकांनी जाणायचं गुपित आहे' म्हणून. त्याच समाजातल्या दुसऱ्या बायका म्हणाल्या, आम्ही असलं काही ऐकलेलं नाही. १९९५ मध्ये शाही आयोगाने (म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने) सगळं रचलेलं ठरवलं. सांगता न येणारा पुरावा न्यायाधीशाने तपासायचा कसा?

वकीलबाई

पुढचं पान का गाळलंत? २००१ मध्ये न्या. फॉन डूसा यांनी दिवाणी दाव्यात सगळं ऐकून म्हटलं, हे रचलेलं होतं असं मला पटत नाही. मूळ गुपित जपणाऱ्या बायका आयोगासमोर गेल्याच नव्हत्या. गुप्त पुरावा बंद दालनात, बाई न्यायाधीशापुढे घेता येतो. तो आपण व्यापारी गुपितांसाठी घेतोच की. पूल मात्र त्याच वर्षी झाला.

सातबारा

मी वाचनमात्र असतो, पण राहवलं नाही. पुरावा, पुरावा काय करताय? जूकन घळीत पुरावा कमी पडला होता का? पश्चिम ऑस्ट्रेलियात, पुतू कुंती कुरामा आणि पिनिकुरा लोकांची ती जागा. ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता हे उत्खननात दिसलं होतं. केसांची वेणी घालून केलेला ४ हजार वर्षांपूर्वीचा पट्टा मिळाला होता, त्याचा डीएनए आजच्या वंशजांशी जुळला. म्हणजे खडूसरावांना लागतो तसला, प्रयोगशाळेचा शिक्का मारलेला पुरावा. रिओ टिंटो कंपनीला हे सगळं माहीत होतं. २४ मे २०२० ला त्यांनी ती घळ सुरुंग लावून उडवली, लोहखनिजासाठी. बेकायदा? छे, १९७२च्या वारसा कायद्याखाली रीतसर परवानगी होती. नंतर माफी, सीईओची गच्छंती वगैरे यथासांग पार पडलं.

म्हणून मला रानवाट आणि खडूस दोघांचंही पटत नाही. गोष्ट सात हजार वर्षांची ठरली तर तिला किंमत, हजाराची ठरली तर नाही, हा निकष त्या लोकांनी लावलेला नाही. आपण लावतोय.

रानवाट

निकष मी किंमतीसाठी लावला नव्हता, भरवशासाठी लावला होता. आणि भरवसा नसता तर उत्खननाआधी 'ही जागा महत्त्वाची आहे' हे कंपनीला कळलं असतं कुणाकडून? पण जूकनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही हे खरं. तो १९७२चा कायदा नंतर बदलला ना?

यारा_काठचा

बदलला आणि परत आला. २०२१ मध्ये नवा कायदा मंजूर झाला, १ जुलै २०२३ ला लागू झाला. शेतकरी आणि जमीनमालकांनी बोंब ठोकली, कुंपणाचा खड्डा खणायलाही परवानगी लागणार म्हणून. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने तो मागे घ्यायचं जाहीर केलं. आता १९७२चाच चालू आहे, थोड्या दुरुस्त्या करून.

तात्या_पुणेकर

म्हणजे सव्वा महिना. आपल्याकडे जीआरसुद्धा यापेक्षा जास्त टिकतो.