मदत हवी आहे : जुन्या पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कार्डाचा बोर्ड) डिझाईनच्या फाईली कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू आणि सोबत काय काय लिहून ठेवू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पॉवरलूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवतो आणि रिपेअर पण करतो. बाणा (कापडातला आडवा धागा) तुटला की लूम थांबवणारं कार्ड, पिक म्हणजे बाण्याचे धागे मोजणारा काउंटर, असलं काम, गिऱ्हाईक म्हणजे चादर-टॉवेलवाले कारखानदार. बारा वर्षांत पंचवीसेक डिझाईन झालीत, काही ईगलमध्ये, काही कायकॅडमध्ये (ही दोन्ही बोर्ड डिझाईन करायची सॉफ्टवेअर) आणि काहींच्या तर नुसत्या गर्बर फाईलीच (बोर्ड बनवणाऱ्यांना द्यायच्या) उरल्यात.

आता झालं काय ते सांगतो. बाणा-स्टॉपच्या कार्डाची परत ऑर्डर आली, ५० नग. ते डिझाईन केलेला पोरगा पुण्याला नोकरीला गेलाय, फोल्डरमध्ये गर्बर आणि ड्रिल (भोकांच्या जागांची फाईल) एवढंच सापडलं, म्हटलं बोर्ड तर तोच आहे, दिलं पाठवून. दुसऱ्या दिवशी बोर्ड बनवणाऱ्यांचा फोन, साहेब तुमची भोकं सगळी एका कोपऱ्यात गोळा झालीत. ड्रिल फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघितली तर वर एम४८ ही सुरुवातीची खूण आहे, ड्रिलचे साईज आहेत, पण मेट्रिक की इंच आणि शून्यं कुठली गाळलीत ते सांगणारी ओळच नाही. आता एक्स०१२५ असं लिहिलेलं असेल तर सहा आकडी मेट्रिकमध्ये (तीन आकडे पूर्ण मिमीचे, तीन दशांशाचे), शेवटची शून्यं गाळली असं धरलं तर ते १२.५ मिमी होतं आणि पुढची गाळली असं धरलं तर ०.१२५ मिमी. आकडा तोच आणि फरक शंभरपट! शेवटी एका लूमवरचं जुनं कार्ड काढून आणलं, कडेपासून स्क्रूच्या भोकापर्यंत व्हर्नियर लावला, बरोबर साडेबारा आलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. यात चार दिवस गेले आणि त्या कारखानदाराचे सहा लूम तेवढे दिवस बंद होते, याचं मला फार वाईट वाटतंय.

त्यात आता त्यांना सेन्सरचा कनेक्टर तीन पिनचा चार पिनचा करून हवाय. गर्बरमध्ये नुसती तांब्याची चित्रं असतात, कुठला पॅड कुठल्या रेझिस्टरचा, त्याची व्हॅल्यू किती, यातलं माझ्या त्या जुन्या फाईलीत काहीच नाही (२०१४ ला गर्बर एक्स२ आलं त्यात लेयरचं नाव वगैरे लिहिता येतं, पण सर्किट त्यातनं परत मिळत नाही). म्हणजे अख्खं सर्किट कार्डावरनं बघून परत काढायचं.

म्हणून सगळंच नीट लावून घ्यायचं ठरवलंय. माझा कल कायकॅडकडे आहे, कारण फुकट आहे, फाईल साधी टेक्स्ट आहे, नोटपॅडमध्ये उघडली तर कंसाकंसात सगळं वाचता येतं, आणि सुरुवातीलाच फॉरमॅटचं व्हर्जन तारखेसारखं लिहिलेलं असतं, माझ्या एका फाईलीत २०२११०१४ आहे, ती कायकॅड ६ ची. पण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही, हे माझ्या दोन कॉम्प्युटरमध्ये एकदा भोगून झालंय. आणि कायकॅड ५ च्या फाईलींबरोबर कॅशे लायब्ररी (पार्टच्या चित्रांची वेगळी फाईल) ठेवायची राहून गेली तर सर्किटमध्ये पार्टच्या जागी नुसते प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसतात. ६ पासून पार्टची चित्रं सर्किटच्या फाईलीतच राहतात, हे त्यांनी फार चांगलं केलं.

ईगलची घाई यासाठी की ऑटोडेस्कनं २०२३ मध्येच सांगून टाकलंय की ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही. व्हर्जन ६ पासूनच्या ईगल फाईली एक्सएमएल (वाचता येणारी टेक्स्ट) आहेत, त्या कायकॅडमध्ये आल्या, फक्त कॉपर भरलेले भाग परत भरून डीआरसी (डिझाईनच्या नियमांची तपासणी) चालवून बघावं लागलं. पण त्याआधीच्या सात-आठ फाईली बायनरी आहेत, नोटपॅडमध्ये नुसता कचरा दिसतो.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल ठेवायला लागलोय, मराठीतच. कालच्या कार्डाची अशी लिहिली : "कायकॅड ६ मध्ये सेव्ह केलं. ड्रिल मेट्रिक, दशांश चिन्हासकट. बोर्ड दोन लेयर, १.६ मिमी, तांबं ३५ मायक्रॉन. ओरिजिन डाव्या खालच्या कोपऱ्यात. आर७ मुद्दाम बसवलेला नाही, डिझाईनमधनं काढून टाकू नका." ती आर७ ची (म्हणजे सात नंबरच्या रेझिस्टरची) ओळ कुठल्याच फॉरमॅटमध्ये आपोआप येत नाही, ती माणसानंच लिहायला पाहिजे असं मला वाटतंय. सोबत सर्किटची पीडीएफ आणि गर्बरची झिप पण ठेवायलोय.

तर विचारायचं हे की, एक, माझ्यानंतर पाच वर्षांनी कुणी पोरगं ते फोल्डर उघडणार असेल तर त्या टेक्स्ट फाईलीत अजून काय लिहिलेलं असावं? दोन, गिट (फाईलीतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकून घ्यावं का दर बदलाला तारखेचं फोल्डर करणं पुरेल, आम्ही तिघंच आहोत. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, कुणाकडे ईगल ६ किंवा ७ अजून चालू आहे का? त्यात जुन्या बायनरी फाईली उघडून नुसत्या सेव्ह केल्या तरी एक्सएमएल होतात, पुढचं मी बघतो. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, कुठंही असाल तर पेनड्राईव्ह घेऊन मी स्वतः येतो.