साध्या लेथवरच्या टर्नरना सीएनसीवर कसं आणायचं?

चाकण_शॉपफ्लोअर:
शॉपमध्ये दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) येतायत, फानुक कंपनीच्या कंट्रोलच्या. आमचे टर्नर पंचेचाळिशीचे, हात पक्का, पण स्क्रीन दिसली की मागे सरतात. मॅनेजमेंट म्हणतंय नवी पोरं घ्या. मला हीच माणसं तयार करायची आहेत. कुठल्या क्रमाने शिकवू?

टूलरूमवाले:
कोड पाठ करून घेऊ नका, गाडी तिथेच अडते. आधी ऑफसेट शिकवा, म्हणजे टूलच्या जागेत आकडा टाकून करायची दुरुस्ती. तयार प्रोग्राम चाललेल्या जॉबवर (कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर) उभं करा आणि मापं त्यांनाच घेऊ द्या. बाहेरचा व्यास ५०.०० हवाय, मायक्रोमीटर ५०.०४ दाखवतोय, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठीच्या रकान्यात) एक्सला, म्हणजे व्यास ठरवणाऱ्या अक्षाला, -०.०४ द्यायचं. बोअर (आतलं भोक) ३०.०० ऐवजी २९.९७ आला तर +०.०३. एक्स व्यासात असतो; ज्यांच्या जुन्या लेथचा डायल त्रिज्येवर होता ते सवयीने निम्मा आकडा टाकतात.

दुसरी चूक बटणाची. तिथे आधीचं -०.०६ असेल आणि -०.०४ टाइप करून 'इनपुट' दाबलं, तर जुना आकडा पुसला जातो आणि जॉब ५०.०६ होतो. '+इनपुट' दाबलं तर बेरीज होऊन -०.१० होतं, तेच हवंय. हे प्रत्येकाकडून स्क्रॅपच्या तुकड्यावर करून घ्या. मापाचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा जुळला की भीती निम्मी जाते.

भोसरी_सेटर:
सहमत. त्यानंतर प्रोग्राम वाचायला द्या, लिहायला नको. जी०० म्हणजे मोकळी धाव, जी०१ म्हणजे फीडने (ठरवून दिलेल्या गतीने) कट, जी९६ म्हणजे कटिंग स्पीड कायम. मिनिटाला १८० मीटर स्पीडला ५० व्यासावर साधारण ११४५ आरपीएम येतात. फेसिंग करताना (जॉबचं टोक सपाट कापताना) व्यास शून्याकडे जातो तसे आरपीएम चढत जातात, म्हणून आधी जी५० एस२००० सारखी मर्यादा हवीच. नाहीतर चकची (जॉब धरणाऱ्या जबड्यांची) पकड सैल पडून जॉब उडू शकतो.

दशांशचिन्हाचंही सांगा. बऱ्याच फानुक मशीनवर टिंबाशिवाय एक्स५० लिहिलं तर ते ५० मायक्रॉन धरलं जातं आणि टूल थेट मध्यरेषेकडे सुटतं.

पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ), रॅपिड म्हणजे मोकळी धाव २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर, म्हणजे टूल थांबवायच्या बटणावर. टूल जॉबजवळ आलं की थांबवून स्क्रीनवरचं उरलेलं अंतर डोळ्यांनी पडताळायचं.

चाकण_शॉपफ्लोअर:
आणि मॅनेजमेंटला काय सांगू?

टूलरूमवाले:
पातळ बुशचं (पोकळ नळीसारख्या जॉबचं) उदाहरण द्या. चकचं प्रेशर जास्त असलं की बोअर मशीनवर गोल दिसतो. जॉ (चकचे जबडे) सोडले की दाबलेला धातू मूळ आकाराकडे परततो आणि बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. प्रोग्राम बरोबर, ऑफसेट बरोबर, तरी जॉब रिजेक्ट. जुना टर्नर आपणहून प्रेशर उतरवतो, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) जॉबच्या मापाला बोअर करून घेतो. चॅटरचा (कापताना टूल थरथरण्याचा) आवाजही तो मीटर बघायच्या आत ओळखतो. ही जाण नव्या पोरात यायला वर्षं जातात. ऑफसेट या माणसांना काही आठवड्यांत जमतो.

भोसरी_सेटर:
फक्त शिकायचा वेळ शिफ्टमध्येच द्या, उत्पादनाचं टार्गेट न लावता. आठ तास लेथवर उभं राहून संध्याकाळी वर्ग भरवला तर कुणी टिकत नाही. प्रोग्रामिंगची गोडी लागलेल्या एकदोघांना पुढे छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमच्या सीएनसी कोर्सला पाठवता येईल. बाकीच्यांना सेटिंग पक्कं आलं तरी तुमच्या दोन मशीन चालतील.