शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही आधी काय हाती घेतलं? अनुभव लिहा

इथे अमरावती जिल्ह्यात जून अखेर शाळा उघडल्या की आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची नवीन समिती निवडायची आहे. माझं नाव सुचवलं आहे. कायद्याचं मला माहीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २१, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव, आणि आपल्याकडे मुदत दोन वर्षं. पण दोन वर्षांत सगळंच होत नाही. मग आधी काय धरायचं आणि कशावर अडून बसायचं? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया मोकळेपणानं लिहा. चुकलेलंही लिहा.

अध्यक्ष होते, दारव्हा तालुका, यवतमाळ

ताई, मी सातवीपर्यंत शिकलेली. निवड झाली तेव्हा घरच्यांनी सांगितलं, सही करायची, बाकी हे पाहतील. पहिल्या दोन सभांना माझ्या खुर्चीवर मालकच बसले. तिसऱ्या सभेला मी आधी जाऊन बसले. घरी दोन दिवस कोणी बोललं नाही.

माझी मुलगी सहावीत होती. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी मोरीत धावायची. विचारलं तर म्हणाली, संडासला कुलूप असते, चावी ऑफिसात. सरांना मागायची लाज वाटते, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. उन्हाळ्यातली गोष्ट आहे ही, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीतली. मी शाळेत जाऊन कुलूप उघडायला लावलं. आत जुनी बाकं, फुटक्या बादल्या आणि निवडणुकीच्या वेळचे बांबू रचून ठेवले होते.

कागदावर शौचालय "उपलब्ध" होतं, आणि त्या कागदावर माझी सही होती. त्या दिवसापासून वाचल्याशिवाय सही केली नाही. वेळ लागायचा, सर चुळबुळ करायचे, पण मी बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. शाळेला जे संयुक्त अनुदान येते, त्यातला किमान १० टक्के पैसा स्वच्छतेवर खर्चायचा असतो हे तेव्हाच कळलं. बादली, मग, फिनाईल, दाराला आतून कडी, एवढंच घेतलं. दुसरं काही मी दोन वर्षांत फारसं केलं नाही, पण हे झालं.

मुख्याध्यापक, वाशिम जिल्हा

सचिवाच्या बाजूनं लिहितो. वर्षानुवर्षं मी सभा सकाळी ११ वाजता ठेवायचो आणि पालक येत नाहीत म्हणून तक्रार करायचो. एकदा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एक आई रस्त्यात भेटली. म्हणाली, "मजुरी बुडवून मिटिंगले याचं कसं सर? तुमचा पगार तं चालू रायते." मला ते लागलं, कारण खरं होतं. पुढची सभा संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर घेतली. बाया कडेवर लेकरं घेऊन आल्या. गणवेश लहान पडतात हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. तुम्ही निवडून आलात तर आधी सभेची वेळ बदला, बाकीचं नंतर.

माजी सदस्य, बुलडाणा

आम्ही लोकवर्गणी केली, गेट आणि कमान उभारली, भिंती रंगवल्या. फोटो छान आले. चौथीतली बरीच मुलं तेव्हा जोडाक्षर अडखळत वाचत होती आणि आम्ही एकाही सभेत त्यावर बोललो नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं. एखाद्या दिवशी मागच्या बाकावर बसा आणि एका मुलाला एक पान वाचायला सांगा.

पालक-सदस्य, मूर्तिजापूर तालुका, अकोला

मी खिचडीवर लक्ष दिलं. नियम असा आहे की पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आमच्या शाळेत पाचवीपर्यंत ४२ पोरं, म्हणजे चार किलो दोनशे. स्वयंपाकीण ताई डालड्याच्या जुन्या डब्यानं मोजायच्या. मी किराणा दुकानातून काटा आणला. त्यांचे डोळे भरून आले, म्हणाल्या, "माह्यावर डाऊट हाय का भाऊ?" मी म्हटलं, तुम्हीच मोजा, मी फक्त पाहतो. डबा कमी भरत होता. कोणी चोरी करत नव्हतं, कित्येक वर्षं तोच डबा चालत होता. डब्यावर आता खुणेची नवीन रेघ आहे.

बोलता बोलता कळलं की त्यांचं मानधनच कित्येक महिने आलेलं नाही. धुरात बसून शंभर हातांचं काम करणाऱ्या बाईचा हिशेब आधी विचारायला हवा होता. पुढच्या सभेत पहिला ठराव मानधनाचा घेतला. तेव्हापासून चव घ्यायला रोज एक पालक जातो, पाळीनं, आणि मुलांसोबत पंगतीत बसतो.

सदस्य, धानोरा तालुका, गडचिरोली

आमच्याकडे पहिलीतलं लेकरू गोंडी बोलत येते आणि पुस्तक मराठी असते. ते गप्प बसते, मग लोक म्हणतात ढ आहे. आम्ही सभेत गावातल्या एका म्हातारीचं नाव सुचवलं. आठवड्यातून दोन दिवस ती वर्गात बसून गोंडीत गोष्टी सांगते, गुरुजी त्याच गोष्टीतले शब्द मराठीत फळ्यावर लिहितात. गुरुजीही शिकतात.

मोहाच्या दिवसांत मात्र अडतं. फुलं पहाटे पडतात, सकाळची शाळा सातला, आणि पोरं टोपली घेऊन जंगलात. मोह म्हणजे घरात मीठ-मिरची. गैरहजेरीसाठी आईबापांना बोल लावू नये, एवढंच आम्ही ठरवलं. उशिरा आलेल्या पोराला वर्गात घ्यायचं. पूर्ण उपाय अजून सापडलेला नाही.

पालक, जिवती तालुका, चंद्रपूर

पट कमी म्हणून शाळा बंद करून दुसऱ्या गावाच्या शाळेत विलीन करायची गोष्ट निघाली की समितीनं उभं राहावं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत सांगितली आहे. पण नकाशावरचा किलोमीटर आणि श्रावणातला नाला वेगळे. आम्ही ठरावात नाल्याला कमरेएवढं पाणी असतानाचे फोटो जोडले आणि लहान पोरांची उंची लिहिली. शाळा आजपर्यंत चालू आहे.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे आभार, मनापासून. वाशिमच्या सरांचं पटलं, निवडीची सभाच संध्याकाळी घ्या म्हणून सोमवारी सांगायला जाणार आहे. दारव्ह्याच्या ताई, एक विचारायचं राहिलं. ती चावी आता कुठे असते?

अध्यक्ष होते, दारव्हा तालुका

दाराच्या चौकटीला खिळा ठोकला आहे, पहिलीतल्या पोरीचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. शाळा सुटल्यावर कुलूप लावायचं काम सातवीतल्या मुलींकडे.